जबाबाचा दिवा

गुलाब रामटेकेला विजेचं वेड लागलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. भंडाऱ्यातल्या कचेरीत आवक-जावकची रजिस्टरं सांभाळणारा हा माणूस संध्याकाळी घरी आला की जेवणाच्या टेबलावर तारा पसरून बसायचा. मोबाईलवर कुणी एक मुलगा हिंदीतून शिकवायचा आणि हा त्याच्या मागून मागून करायचा. पहिल्या दिवशी मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा लुकलुकला, तेव्हा त्यानं बायकोला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं. प्रतिक्षानं दिव्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि "याच्यासाठी माही फोडणी जळाली," एवढंच बोलून ती परत गेली.

पुढची पायरी म्हणजे घरातला खरा बल्ब मोबाईलवरून लावणं. त्यासाठी वाय-फायवर चालणारा एक बोर्ड लागतो आणि एक रिले लागतो. रिले म्हणजे बोर्डाच्या हुकमावर खटकन चालू किंवा बंद होणारं छोटं डबडं. गुलाबच्या रिलेनं आधी त्याचा अंत पाहिला. मोबाईलवर 'चालू' दाबलं की बल्ब विझायचा, 'बंद' दाबलं की पेटायचा. ते उलटं सरळ करण्यात त्याच्या दोन संध्याकाळी गेल्या. मग बंद केल्यावरही बल्ब मिणमिणत राहिला, कारण फेजची तार रिलेतून न्यायची ती यानं न्यूट्रलची नेली होती.

"अजी, भिंतीवरचं बटन काय चावते का तुमाले?" प्रतिक्षानं विचारलं.

गुलाब पुन्हा तारा सोडवायला लागला. वेड लागलेल्या माणसाला छेडू नये आणि काम बिघडलेल्या माणसालाही छेडू नये. त्या दिवसांत तो दोन्ही होता.

पण या खटाटोपामागे एक खरं कारण होतं आणि ते कोंढ्याला राहत होतं. गुलाबची आई मंगलाबाई एकाहत्तर वर्षांची. नवरा गेल्यापासून ती अड्याळच्या पलीकडे कोंढ्याच्या घरात एकटी राहायची. भंडाऱ्याला चल म्हटलं की दोन दिवस यायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला लागायची. "तुमच्या घरात दिवस उगवला का बुडला, काई समजत नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

तिच्या ओट्यावरच्या दिव्याचं बटन फार उंच होतं. गुलाब लहान असताना पोरांचे हात पोचू नयेत म्हणून बापानं ते मुद्दाम तसं बसवून घेतलं होतं. पोरं मोठी झाली, संसाराला लागली, बटन तिथंच राहिलं. उमेदीत मंगलाबाई टाचा उंचावून ते दाबायची. आता कंबर वाकली म्हणून लाकडी खोक्यावर चढायची. गेल्या पावसाळ्यात ती त्या खोक्यावरून घसरली आणि तिचं मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. तेव्हापासून गुलाबच्या डोक्यात एकच घोर होता. आज मनगटावर निभावलं, उद्या कंबर मोडली तर एकट्या बाईकडे बघणार कोण?

गावातल्या वायरमननं ते बटन अर्ध्या तासात खाली आणून दिलं असतं. पण असल्या साध्या गोष्टी ज्याला वेड लागलेलं नाही त्यालाच सुचतात.

दसऱ्याच्या सुट्टीत तो पिशवी घेऊन कोंढ्याला गेला. आधी मेन स्विच बंद केला, मग जुना बोर्ड उघडला. रिले एका प्लास्टिकच्या डब्यात बसवून तो डबा भिंतीवर ठोकला. आत फळीवर सिमकार्डवाला छोटा राउटर ठेवला. सगळ्यात कौतुकाची गोष्ट त्यानं शेवटी ठेवली होती. या दिव्याला वेळ सांगायची गरज नव्हती. सूर्य कधी मावळतो हे तो इंटरनेटवरून स्वतः समजून घेणार, मावळला की लागणार आणि रात्री दहाला विझणार.

"माय, आता तुले काही कराचं नाही. खोक्यावर चढाचं नाही, बटन दाबाचं नाही. आपोआप लागन."

मंगलाबाई खाली बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर डब्याकडे बघितलं.

"मंग उषीले कसं समजन?"

"काय समजन?"

"काई नाही. बसव तू."

उषाबाई म्हणजे समोरच्या घरातली बाई. दोन्ही घरांच्या मधून फक्त बैलगाडी जाईल एवढा रस्ता. दोघी एकाच साली लग्न होऊन या मोहल्ल्यात आल्या, एकमेकींची बाळंतपणं त्यांनी काढली आणि अकरा वर्षांपूर्वी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, एका फांदीवरून त्यांचं भांडण झालं. फांदी मंगलाबाईच्या झाडाची, शेंगा उषाबाईच्या टिनाच्या छपरावर. उषाबाईनं न विचारता फांदी छाटली. त्यावर मंगलाबाई जे बोलली ते दोघींनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून अबोला पडला तो पडलाच. विहारात एक उजवीकडे बसायची, दुसरी डावीकडे. गुलाबनं दोनदा मध्यस्थी करून बघितली आणि दोन्हीकडून शिव्या खाऊन परत आला. त्यामुळे आईच्या तोंडी त्या दिवशी 'उषी' आलं, याचं त्याला जरा नवल वाटलं. पण हातात पेचकस होता, त्याचं लक्ष स्क्रूवर होतं. त्यानं पुढं विचारलं नाही.

संध्याकाळी दिवा आपोआप लागला. गुलाबचा ऊर भरून आला. मंगलाबाईनं दिव्याकडे बघितलं, रस्त्यापलीकडे बघितलं, आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं अगरबत्ती लावायला आत गेली. जाताना "चांगला हाये," म्हणाली. पोराच्या हौसेला आई म्हणते तसंच म्हणाली, पण गुलाबला ते तेव्हा कळलं नाही.

भंडाऱ्यात त्याच्या मोबाईलवर त्या दिव्याची खूण होती, एक गोल ठिपका. दिवा लागला की ठिपका हिरवा व्हायचा. रोज संध्याकाळी गुलाब मोबाईल काढायचा, ठिपका हिरवा दिसला की समाधानानं खिशात ठेवायचा आणि बायकोला सांगायचा, "माय ठीक हाये." आधी तो रोज फोन करायचा. हळूहळू दोन दिवसांआड करायला लागला. ठिपका होता ना.

डिसेंबरात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू झाली. मंगळवार होता. त्या संध्याकाळी गुलाबनं कचेरीतून निघताना मोबाईल बघितला. ठिपका हिरवा. त्यानं वाटेत मटार घेतले, घरी येऊन ते सोलले, जेवला, झोपला.

सकाळी सात वाजता उषाबाईच्या सुनेचा, डिंपलचा फोन आला. "गुलाबभाऊ, लवकर या. मोठीमाय मांगं पडली हाये."

मंगलाबाई आदल्या संध्याकाळीच पडली होती. दिवस मावळायच्या आधी ती मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वाळत घातलेलं लुगडं आणायला गेली आणि न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर घसरली. उठता येईना. तिनं हाका मारल्या, पण शेजारच्या वाडीत धानाची मशीन चालू होती आणि तिच्या घरघरीत तोफ उडाली असती तरी ऐकू गेली नसती. मशीन थांबेपर्यंत तिचा आवाज बसला. थंडी वाढली तशी ती कोपरांवर रेटत तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगापर्यंत गेली आणि अंगावर तणस ओढून पडून राहिली. त्या तणसानंच तिला वाचवलं. सकाळी समोरचं अंगण झाडलेलं दिसलं नाही म्हणून उषाबाईनं सुनेला पिटाळलं, तेव्हा कुठं ती सापडली.

कंबरेचं हाड मोडलं होतं. गुलाबनं तिला भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात आणलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, वॉकर धरून चालतील, पण आता एकट्यानं राहायचं का ते घरच्यांनी बघावं. प्रतिक्षा लगेच म्हणाली, "बघाचं काय त्याच्यात? इथंच ठेवाचं." गुलाबलाही तेच वाटत होतं.

ऑपरेशन चालू असताना तो बाहेर बाकावर बसला होता. समोरून डिंपलचा हात धरून उषाबाई आली. अड्याळवरून बस बदलून आली होती. पदर डोक्यावर, हातात काठी, चेहरा रागावल्यासारखा. तो उठून उभा राहिला.

"काकू, तुम्ही काहून त्रास घेतला?"

"तिच्यासाठी नाही आली. मी तिच्याशी बोलत नाही." उषाबाई बाकावर टेकली. "मले तुले एक विचाराचं हाये. ते दिवा लावून मंग पडली, का कसं?"

"नाही काकू. दिवस मावळाच्या आंधीच पडली."

"आंधी कशी पडन? दिवा तर लागला होता. मी माह्या डोयानं पायला."

गुलाबला प्रश्न कळला नाही. तेव्हा उषाबाईनं, सरकारी कागदावर अंगठा द्यावा तशा नाखुशीनं, सांगितलं. भांडण झालं त्याच वर्षापासूनची गोष्ट. दिवस मावळला की मंगली ओट्यावरचा दिवा लावायची. तो दिसला की उषाबाई आपला लावायची. कधी हिचा आधी, कधी तिचा. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कधी बोललं नाही. पण एकीचा लागला आणि दुसरीचा नाही लागला, असं झालं की काहीतरी बिनसलं आहे हे समजायचं. एकदा मंगलाबाईला ताप होता आणि दिवा लागला नाही, तर उषाबाईनं डिंपलच्या हाती पेज पाठवली होती, वर 'माहं नाव सांगू नको' अशी तंबी दिली होती. उषाबाईचा नवरा गेला त्या संध्याकाळी तिच्याकडे दिवा लागला नाही, तेव्हा मंगलाबाई सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभी राहिली. बोलली मात्र नाही.

"मंगळवारी तिचा लागला. मंग मी माहा लावला, आन् पोळ्या टाकाले बसली. ते तिकडं मांगं पडून होती, आन् मी जेवली, झोपली." उषाबाईनं पदर सारखा केला. "तीन रोज झाले, मी हेच सोचून राहिली. दिवा लावाले आली, मंग मांगं कायले गेली? दिवा लागला तवाच मी तिकडं जाऊन एक नजर टाकाले पायजे होती. माहंच चुकलं का काई?"

ती म्हातारी, जिच्याशी गुलाबची आई अकरा वर्षं बोलत नव्हती, त्याची चूक स्वतःच्या पदरात घेऊन बसनं भंडाऱ्याला आली होती. तो गप्प बसला असता तर तिला कधीच कळलं नसतं. डिंपलही खाली बघत होती. एक क्षण त्याला गप्प बसावंसंही वाटलं, हे खरं आहे.

"काकू, तुमचं काही नाही चुकलं," तो म्हणाला. "दिवा मायनं लावलाच नाही. मशीननं लावला. मी बसवली. दिवस मावळला का आपोआप लागते. घरात कोणी असो, नसो."

उषाबाईनं मान वर केली. तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"कवापासून?"

"दसऱ्यापासून."

"म्हंजे दोन महिने मी मशीनले जबाब देऊन राहिली होती?"

गुलाबला लाज वाटली. कचेरीत साहेबानं चारचौघांत झापलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती. उषाबाई उठली. दाराच्या काचेतून तिनं आत बघितलं. आत फक्त पडदा दिसत होता. मग सुनेला म्हणाली, "चाल वो, बस सुटन."

मंगलाबाई दोन महिने भंडाऱ्याला राहिली. प्रतिक्षानं तिची सेवा केली त्याला तोड नाही. अंघोळ, औषधं, सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून गॅलरीत दहा फेऱ्या. म्हातारीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही, आणि हेच गुलाबला जड जात होतं. ती संध्याकाळी गॅलरीत बसायची. समोरच्या इमारतीत पन्नास खिडक्या उजळायच्या. ती त्या बघायची आणि कुठलीच तिला ओळखीची नसायची.

एक दिवस त्यानं विचारलं, "माय, उषाकाकूचं तू मले तवाच काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? जिच्याशी बोलत नाही तिच्यासाठी दिवा लावतो, म्हणून सांगू?" ती म्हणाली. "आन् तू तर एवढ्या हौसेनं आणलं होतं."

ती समोरच्या खिडक्या बघत राहिली. मग म्हणाली, "मले कोंढ्याले नेऊन दे, गुलाब."

घरात चार दिवस वाद झाला. प्रतिक्षा म्हणाली, न्यायचंच असेल तर कॅमेरा लावा, म्हणजे इथून दिसेल तरी. गुलाबलाही ते पटलं होतं. त्यानं मोबाईलवर दोन-तीन कॅमेरे बघूनही ठेवले. मंगलाबाईनं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"मले कोणी पायत बसावं असं नाही पायजे, पोरी. मी हाये, एवढं कोणाले समजलं म्हंजे झालं."

प्रतिक्षाला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तिनंच सासूची लुगडी घडी करून पिशवीत भरली. स्वयंपाक-पाण्याला मोहल्ल्यातली शकुनबाई दोन वेळा येणार असं ठरलं.

गुलाब एक रविवार आधी एकटाच कोंढ्याला गेला. त्यानं मेन स्विच बंद करून भिंतीवरचा डबा उघडला. वाय-फायचा बोर्ड काढला, राउटर काढला. मोबाईलमधला तो हिरवा ठिपकाही त्यानं पुसून टाकला. आता डब्यात एक साधा रिसीव्हर बसवला. त्याला इंटरनेट लागत नव्हतं, घड्याळ लागत नव्हतं, सूर्य कधी मावळतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त एका छोट्या रिमोटची भाषा कळायची, मोटारगाडीच्या किल्लीला असतो तसल्या चार बटनांच्या. तीन बटनांवर गुलाबनं चिकटपट्टी लावली, एक मोकळं ठेवलं. ते दाबल्याशिवाय दिवा लागणार नाही. कुणीतरी दाबायलाच पाहिजे. मागच्या न्हाणीजवळची फरशीही त्यानं खरवडून घेतली, आणि रिमोट बिघडला तर अडू नये म्हणून गावातल्या वायरमनला बोलावून भिंतीवरचं उंच बटन वॉकर धरलेल्या बाईच्या हाताला येईल इतकं खाली आणून घेतलं. अर्धा तास लागला.

पुढच्या आठवड्यात मंगलाबाई घरी आली. रिमोट काळ्या दोऱ्यात ओवून गुलाबनं तिच्या गळ्यात घातला. दार उघडं ठेवून तिची खाट अशी लावली की समोरचा रस्ता दिसावा. शेजारपाजारच्या बाया येऊन बघून गेल्या. समोरून कुणी आलं नाही.

दिवस मावळला. जरा वेळानं रस्त्यापलीकडे उषाबाईच्या ओट्यावरचा दिवा लागला.

"माय, दाब," गुलाब म्हणाला.

मंगलाबाईनं रिमोट मुठीत धरला होता. तिनं दाबला नाही.

"पायलं ना, तिकडं लागला. दाब ना."

"थांब जरा."

घरात अंधार झाला. गुलाबनं आतला दिवा लावायला हात पुढं केला, तर तिनं त्याचा हात धरला. त्याला वाटलं, रिमोट चालत नाही की काय. सेल तर त्यानं नवीन टाकला होता. तो उठून डब्याकडे जाणार, तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं. मग रस्त्यावर काठीचा आवाज आला. आवाज रस्ता ओलांडून अंगणात आला आणि अंधारात थांबला.

"मंगला!"

मंगलाबाईनं गुलाबचा हात घट्ट धरून ठेवला.

"वो मंगला! मेली काय वो?"

गुलाबनं आईकडे बघितलं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. तिनं अंगठा दाबला. भिंतीवरचा रिले खटकन वाजला आणि ओट्यावरचा दिवा लागला. अंगणात पदर डोक्यावर घेतलेली उषाबाई उभी होती, डोळे मिचकावत, काठी उगारल्यासारखी धरून.

"नाही मेली," मंगलाबाई आतून म्हणाली.

"मंग लावला काहून नाही इतक्या वेळ?"

"पायत होती, येतं का कोणी."

उषाबाईनं काठी खाली टेकवली. मग तिनं वर दिव्याकडे बोट केलं.

"हा कोणं लावला? मशीननं का तू?"

मंगलाबाईनं गळ्यातला रिमोट उजेडात धरून दाखवला.

"मीनं," ती म्हणाली. "ये, वर बस."